झाकणाखालचे थेंब

उओझाकी, ६ ऑक्टोबर

चिगुसा,

समुद्र करडा झालाय आणि घरोघरी मुळे वाळत टांगलेत. पत्रात आधी ऋतूबद्दल चार शब्द लिहावेत म्हणून लिहिले. आता कामाचं.

फोन केला नाही, कारण आईंना टीव्ही ऐकू येत नाही, पण मी अंगणात जाऊन मोबाइलवर नुसती पुटपुटले तरी त्यांची खिडकी उघडते. शिवाय तू लिहायला बसलीस की तुझा मोबाइल कपाटात जातो, हे काय मला माहीत नाही?

तुझी कादंबरी इथल्या पेपरात रोज येते. आई पहाटेच दारात पेपरची वाट बघत उभ्या असतात. भिंगातून एकेक ओळ वाचतात. लेकीचं लिखाण आहे, सुनेनं वाचून दाखवलेलं चालत नाही. वाचून झालं की कात्रण बिस्किटांच्या डब्यात ठेवतात आणि मला विचारतात, "शिनसाकु कुठवर पोचला, कळलं का तुला?" गोष्ट म्हणत नाहीत. नात्यातल्या माणसाची खबर आल्यासारखं बोलतात.

त्याचं नाव तू शिनसाकु ठेवलंस म्हणून कुणी फसलेलं नाही. बाप समुद्रात बुडालेला, स्वतःची बोट, एका सकाळी इंजिनाचा भाग आणायला म्हणून निघाला आणि गाडी स्टेशनाबाहेर सोडून नाहीसा झाला. तुझा भाऊ असाच गेला. माझा नवरा असाच गेला. येत्या मार्चमध्ये कोहेईला जाऊन दहा वर्षं होतील.

तू तीन वर्षांत इकडे फिरकली नाहीस म्हणून सांगते, त्याचं ताट अजून वाढलं जातं. वाटेवरच्या माणसाची घरात आबाळ होऊ नये म्हणून आई रोज सकाळी सहाला त्याच्या जागेवर भात, सूप, मुळ्याचं लोणचं मांडतात. भाताच्या वाडग्यावर झाकण. त्यांचं खाणं झालं की म्हणतात, "बघ गं." मी झाकण उचलून उलटं धरते. आतून थेंब असले की माणूस सुखरूप. आई बोट फिरवून बघतात, मान हलवतात. मग ते निवलेलं ताट मी खाते आणि शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाते. दोघींच्या घरात तिसरा वाडगा कशाला म्हणून पहिल्यापासून असंच चाललंय.

आता गेल्या आठवड्यापासून तुझ्या शिनसाकूला खोकला लागलाय. गोष्टीत खोकला लागलेला माणूस शेवटी कुठं जातो, ते मलाही कळतं. आईंनी त्या दिवसापासून ताटात आल्याचा तुकडा ठेवायला सुरुवात केलीय.

चिगुसा, त्याला मारू नकोस. हात जोडते. ही बातमी त्यांना पेपरातून कळायला नको.

इत्सुए

*

तोक्यो, ११ ऑक्टोबर

वहिनी,

तुझं पत्र वाचलं. तो खोकला मी फार हुशारीनं पेरला होता गं. वाचकाच्या लक्षातही येणार नाही अशा बेतानं! आणि आईनं ताटात आलं ठेवलं.

तुला खरं सांगते. जूनमध्ये मी वृत्तपत्राच्या हातानाका साहेबांना आराखडा दिला, त्यात शिनसाकु एकशे ऐंशीव्या भागात मरतो. बर्फात, समुद्र दिसतोय अशा जागी. त्यांना ते फार आवडलं होतं. म्हणाले, "वाचक सकाळच्या कॉफीबरोबर रडले पाहिजेत." माझी आधीची चार पुस्तकं वाचून कुणी कुठल्याच पेयाबरोबर रडलं नाही. रोजच्या पेपरात कादंबरी मिळणं म्हणजे काय, हे तुला वेगळं सांगायला नको. ही पडली तर पुढं मला कुणी विचारणार नाही.

आणि मी मागे पडत चाललेय. दहा दिवसांचा मजकूर पुढे तयार असायला हवा, तो आता चार दिवसांवर आलाय. रोज अडीच पानं. पेन्सिलला टोक करते, परत करते, टोक करण्यातच सकाळ जाते. बेल वाजली की वाटतं, हातानाका आले.

पण त्याला जगवते. आई जिवंत असेपर्यंत तरी त्याचा केसही वाकडा होणार नाही. उद्याच त्याचा खोकला बरा करते आणि त्याला उत्तरेला पाठवते, एखाद्या नूडल्सच्या दुकानात, उबेला. आईला म्हणावं, आलं बंद कर.

आणि वहिनी, हे मी तुझ्यासाठीही करतेय. इतकी वर्षं तू कशी तग धरून राहिलीस हे मी बघितलंय. तो कुठंतरी जिवंत आहे एवढ्या एका आशेवर तू जगतेस, ती मी कशी मोडू?

चिगुसा

*

उओझाकी, २ नोव्हेंबर

चिगुसा,

इथं वारा सुटलाय. दारं रात्रंदिवस वाजतात.

शिनसाकु बरा झाला. दुकानात भांडी घासतो, मालकीण त्याला पोटभर वाढते. छान झालं. पण आता मला निराळीच धास्ती लागलीय. परवा कामावरून आले तर आईंनी कोहेईचे सगळे स्वेटर काढून उन्हात घातलेले. मी विचारलं, "हे काय आता?" तर म्हणाल्या, "कसर लागली असेल." संध्याकाळी घड्या घालून एका मोठ्या रुमालात बांधले. गाठोडं दाराशी ठेवलंय. एक्क्याऐंशी वर्षांची बाई गाठोडं घेऊन उत्तरेला निघाली तर मी काय करू? कामावर असते तेव्हा सगळं लक्ष घराकडे. काल सूपमध्ये मीठ दोनदा घातलं. चारशे मुलांचं सूप!

अजून एक. तुझ्या गोष्टीत त्याला आई आहे, बहीण आहे. बायको नाही. मी जुलैपासून वाचतेय. आज येईन, उद्या येईन म्हणून वाट बघत होते. मग कळलं, तू मला घेतलंच नाहीस. राग नाही. गोष्टीत सगळी माणसं मावत नसतील.

पण मग एकशे अठराव्या भागात दुकानाची मालकीण त्याचा कोट खुंटीला लावते आणि तिला दिसतं, काळ्या कोटाचं वरून दुसरं बटण लाल दोऱ्यानं शिवलेलं आहे. हे तुला कुठून सुचलं?

इत्सुए

*

तोक्यो, ६ नोव्हेंबर

वहिनी,

आईवर लक्ष ठेव. शेजारच्या बाईंना सांगून ठेव. मी दुकानाचं गाव पुसट करते, म्हणजे कुठं जायचं ते तिला कळणारच नाही.

तुला गोष्टीत का घेतलं नाही? तुझ्यावर लिहायची माझी हिंमत झाली नाही, दुसरं काही नाही. आईवर लिहिता येतं. आईनं मला मारलंय, मीही तिच्या अंगावर ओरडलेय, आमचा हिशोब फिटलाय. तुझ्याशी तसं नाही.

लाल दोऱ्याचं काय घेऊन बसलीस! सुचतं माणसाला. तू आणि आमच्या मुद्रितशोधक कोगुरे बाई, दोघी एकाच माळेचे मणी. त्यांनीही समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहून पाठवलं होतं: 'हा माणूस अविवाहित आहे. बटण कोणी शिवलं? स्वतः शिवलं असल्यास काळ्या कोटाला लाल दोरा का?' या बाई माझ्या कथेतल्या चंद्राची तिथीसुद्धा तपासतात. मी पुढे 'असू द्या' लिहून परत पाठवलं.

मजकूर तीन दिवसांवर आलाय. जेवण जात नाही.

चिगुसा

*

उओझाकी, १० नोव्हेंबर

चिगुसा,

ऋतूचं आज राहू दे.

तो गेला त्या सकाळी दाराशी बूट घालताना त्याच्या कोटाचं बटण तुटलं. घरात काळा दोरा नव्हता. मी लाल दोऱ्यानं शिवलं, कोट त्याच्या अंगावर असतानाच. बाहेर पडणाऱ्या माणसाच्या कपड्याला सुई लावू नये, तो परत येत नाही, हे आई मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगत आल्या होत्या. त्या मागे स्वयंपाकघरात होत्या. त्यांच्या नकळत घाईघाईनं शिवलं. तो हसला आणि गेला.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईंना नाही, पोलिसांना नाही. पोलिसांना कोटाचं वर्णन दिलं तेव्हाही नाही. सुई मी लावली म्हणून तो परतला नाही, हा विचार डोक्यात आला नाही असा एक दिवस गेला नाही.

तो दोरा फक्त मी बघितला होता आणि त्यानं. मग तू कधी बघितलास?

इत्सुए

*

तोक्यो, २१ नोव्हेंबर

वहिनी,

तुझ्या पत्राला उत्तर लिहीत होते. चारदा लिहून फाडलं. तेवढ्यात आज दुसरंच पाकीट आलं.

कौटुंबिक न्यायालयाचं. 'बेपत्ता व्यक्ती कोहेई नामेकावा यांना मृत घोषित करण्याबाबत पत्नीचा अर्ज.' अर्जाची तारीख बारा सप्टेंबर! म्हणजे तू मला 'त्याला मारू नकोस, हात जोडते' असं लिहिलंस तेव्हा अर्ज करून महिना होत आला होता. कागदावर मी त्याला जगवायचं आणि कोर्टात तू त्याला मारायचं, असं आहे का? मी त्याचा खोकला बरा केला, शेवट मोडला, रोज हातानाकांचे टोमणे ऐकतेय, आणि तू मला ताकास तूर लागू दिली नाहीस.

आईलाही असंच पाकीट येणार, हे तुला माहीत असेलच. तेव्हा काय करणार आहेस?

चिगुसा

*

उओझाकी, २५ नोव्हेंबर

चिगुसा,

ओरडलीस ते बरं झालं. निदान एकीनं तरी आवाज केला.

हो, अर्ज मी केला. शाळेत जेवणाची गाडी चालवतात ते सोनोबे. बावन्न वर्षांचे आहेत, बायको वारली, मुलगी नोकरीला ओसाकाला. गेल्या वर्षी एकदा म्हणाले, "इत्सुएबाई, तुम्ही चहा नेहमी गार करून का पिता?" मला माहीतच नव्हतं की मी गार करून पिते. घरी आले आणि आरशासमोर बसून खूप रडले. उन्हाळ्यात त्यांनी विचारलं, माझ्याबरोबर राहाल का. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. म्हटलं, मला आधी विधवा व्हावं लागेल.

घटस्फोट मिळाला असता, वकील म्हणाले सोपं आहे. पण घटस्फोट घेतला की मी या घरातली उरत नाही. विधवा झाले तर उरते. मला आईंना सोडायचं नाहीये, चिगुसा. सोनोबेंचं घर पुलापलीकडे आहे, मी रोज सकाळी येऊन त्यांचं सगळं करणार. मला फक्त ते झाकण उचलणं थांबवायचंय. गरम भातावर झाकण ठेवलं की थेंब येणारच, एवढी अक्कल मला आहे. तरी भीती वाटते. नसतील तर ही भीती, आणि असतील तर आणखी एक दिवस.

तुला मारू नको म्हटलं ते याचसाठी. हे त्यांना मीच सांगायला हवं. पण रोज सांगायचं ठरवते आणि रोज त्या 'बघ गं' म्हणतात, आणि माझ्या तोंडून 'थेंब आहेत आई' एवढंच निघतं.

आता मी पोस्टमनवर पाळत ठेवतेय. दुपारच्या सुट्टीत सायकल हाणत घरी येऊन पेटी बघते. अजून काही आलेलं नाही. गाठोडं अजून दाराशीच आहे. माझा जीव टांगणीला लागलाय.

माझं लपवलेलं सगळं सांगून झालं. आता तू सांग.

इत्सुए

*

तोक्यो, १ डिसेंबर

वहिनी,

न्यायालयाच्या कागदावर तिसरा प्रश्न असा आहे: 'सदर व्यक्तीला आपण शेवटचे केव्हा पाहिले?' दहा दिवस तो कागद टेबलावर आहे. त्याच्या शेजारी बसून मी शिनसाकूला नूडल्स उकळायला लावते.

घर सोडल्यावर दोन दिवसांनी दादा माझ्याकडे आला होता.

संध्याकाळची वेळ. मी तेव्हा त्या एका खोलीत राहायची. दारात उभा, हातात काही नाही. मी त्याला अंड्याचा भात करून घातला, दोन वाडगे खाल्ला. मी म्हटलं, घरी फोन करते. तो म्हणाला, "केलास तर आत्ता उठून जाईन." मग सांगितलं. बाबा गेल्यापासून बोटीत पाय ठेवला की त्याला दरदरून घाम सुटायचा. तीन वर्षं रोज घाम पुसून समुद्रावर गेला आणि घरी येऊन हसला. म्हणाला, "घरात सगळी इतकी चांगली आहेत की मला बोलताच येईना."

कोट खुंटीला लावताना मी बटण बघितलं. चेष्टा केली, हे काय ध्यान शिवलंय. तो म्हणाला, "इत्सुएनं शिवलंय." आणि बराच वेळ त्या बटणावर अंगठा फिरवत बसला.

सकाळी मी उठले तेव्हा तो बूट घालत होता. जाताना म्हणाला, "इत्सुएला सांग, वाट बघू नको म्हणावं. मी येणार नाही. तिला मोकळं होऊ दे."

वहिनी, हा निरोप तुझा होता. तो मी दिला नाही.

पहिल्या आठवड्यात वाटलं, येईल परत, कशाला उगीच. मग आईनं ताट वाढायला सुरुवात केली. निरोप सांगितला तर ताट थांबणार, ते थांबलं तर आई संपणार, असं मी स्वतःला समजावलं. मग वर्ष झालं, आणि वर्षभर लपवलेलं सांगायचं कसं? मग तीन, मग पाच. म्हणून मी गावाला येत नव्हते. कामाचं निमित्त खोटं होतं. तुझ्यासमोर जेवायला बसण्याची हिंमत नव्हती.

आणि गोष्टीतून तुला काढलं ते यासाठी, की तू असलीस तर निरोपही लिहावा लागला असता. तुला काढलं आणि बटण मात्र राहून गेलं. कोगुरे बाईंनी बरोबर बोट ठेवलं होतं आणि मी तिथं 'असू द्या' लिहिलं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आज खरं लिहून पाठवलं. तू काय म्हणशील त्याला मी तयार आहे.

चिगुसा

*

(पोस्टकार्ड)

तोक्यो, १२ डिसेंबर

वहिनी, अकरा दिवस झाले. फोन लावला, तू उचलला नाहीस. शिव्या दे, पण काहीतरी लिही. शेवटचे दहा भाग राहिलेत आणि मला एक ओळ सुचत नाही. आई ठीक आहे ना? न्यायालयाचं पाकीट आलं का? चिगुसा

*

उओझाकी, १७ डिसेंबर

चिगुसा,

बर्फ पडलंय. हिवाळ्यातले हाताहाता नावाचे मासे किनाऱ्याला आलेत, सगळं गाव गारठलेल्या हातांनी जाळी सोडवतंय.

तुझं पत्र मी शाळेच्या कोठारात तांदळाच्या पोत्यावर बसून वाचलं. मग भांडी घासली. घासलेली भांडी परत घासली. तुझा इतका राग आला की तुझं नाव उच्चारावंसं वाटेना. सदतीस ते सत्तेचाळीस, या वयातली माझी बहुतेक वर्षं त्या एका वाक्यात अडकलेली होती, आणि ते वाक्य तुझ्याकडे होतं. माफ केलं असं लिहायला पेन उचलला, पण अजून लिहवत नाही. लिहवेल तेव्हा लिहीन. पण इतके दिवस तुला टांगून ठेवलं ते तेवढ्यासाठी नाही. इथं जे झालं ते आधी मला नीट कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी आईंनी नेहमीसारखं ताट मांडलं. आईंचं खाणं झालं. म्हणाल्या, "बघ गं."

मी झाकण उचललं. आतून कोरडं होतं.

एक थेंब नाही. पहिला विचार आला तो आईंचा, की यांना हे कळता कामा नये. मी त्यांच्याकडे पाठ केली, देव्हाऱ्यातली मेणबत्ती बघतेय असं दाखवलं आणि तोंडाजवळ धरून झाकणावर जोरात श्वास सोडला. दोनदा. मग वळून समोर धरलं. म्हटलं, "आहेत आई, थेंब आहेत."

त्यांनी बोट फिरवलं. माझ्या तोंडाकडे बघितलं.

"ही तुझ्या तोंडची वाफ आहे," म्हणाल्या. "थेंब कुठून येणार? कालचा गार भात वाढलाय मी."

मी विचारलं, "का, आई?"

"मग काय करू? अजून किती वर्षं वाढू? पहिली दोन वर्षं त्याच्यासाठी वाढलं. मग एक दिवस मनाशी म्हटलं, पुरे झालं आता. पण तू झाकण उचलायचीस तेव्हा असा चेहरा करायचीस की वाटायचं, हिची आशा आपण कशाला तोडायची?"

"मी तुमच्यासाठी उचलत होते," मी म्हटलं.

"माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी."

आई हसायलाच लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "सात वर्षं," म्हणाल्या. "सात वर्षं दोघी मिळून एका वाडग्याला फसवत बसलो."

मग मी सगळं सांगायला लागले, कोर्टाचं, सोनोबेंचं, तर मला थांबवलं. "ते पाकीट तर ऑक्टोबरातच आलं. मी पोस्टमनला वाटेतच गाठते, बंदरावर, कधीपासून. उत्तरही पाठवलं. मुलगा यायचा नाही, सुनेला अडकवू नका, असं लिहिलं. सहीचा शिक्का उलटा मारला गेला, तेवढं चालतं ना?" आणि गाठोडं? ते देवळात द्यायला बांधलेलं. त्यांना उत्तरेला जायचं नव्हतंच. मी तसं म्हटल्यावर भडकल्या. "चिगुसा लिहिते ती गोष्ट आहे, एवढं मला कळत नाही? मी काय खुळी आहे? लेकीचं आहे म्हणून वाचते. आलं घातलं ते चवीला."

आणि शेवटी सुईचं. ते मी बोलले नव्हते, त्यांनीच काढलं. म्हणाल्या, "त्या सकाळी उंबऱ्यात लाल दोऱ्याचा तुकडा पडला होता, मी उचलून टाकला. पेपरात तो दोरा वाचला तेव्हा समजले, पोरगा चिगुसाकडे जाऊन आलाय. आणि तू काय सुईचं मनाला लावून घेतलंयस? सुईनं माणसं जात असती तर या गावात एक बाप्या उरला नसता."

म्हणजे तुझं गुपित त्यांना नोव्हेंबरपासून माहीत आहे, चिगुसा. तुला काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तिला म्हणावं, नव्या वर्षाला ये. कामं सांगू नको."

तर ये. शिनसाकूचं काय करायचं ते तू ठरव, मार नाही तर जगव, आता इथं कुणाची हरकत नाही. फक्त बटण कोणी शिवलं ते लिही. एक ओळ पुरे. तुमच्या त्या कोगुरे बाईंनाही बरं वाटेल.

राहिलं त्या सकाळचं. बोलून झाल्यावर आईंनी कोहेईचा वाडगा स्वतःकडे ओढला, गार भातावर चहा ओतला आणि खायला लागल्या. मी म्हटलं, "अहो, ते मी खाते." तर उठल्या, कुकर उघडला, माझ्यासाठी नवा वाडगा काढला आणि वाफाळता भात वाढला. झाकण ठेवलं नाही.

"जेव," म्हणाल्या. "निवतोय."

मी लगेच घास घेतला. जीभ भाजली, चिगुसा. सवयच राहिली नव्हती.

इत्सुए